एक मायक्रोमीटरचा प्रकाशतंतू: पहिल्यांदाच ओढणाऱ्यांसाठी

पाक झाला का हे बघायला चिमटीत थेंब घेऊन बोटं हळूच फाकवतात. मधे जी तार धरते ती दोन्ही टोकांना जाड आणि मध्यावर बारीक असते. बोटं घाईनं फाकवली की ती तुटते आणि पाक कच्चा असला तर धरतच नाही. अतिबारीक प्रकाशतंतू बनवायचा म्हणजे हेच काचेच्या बाबतीत करायचं. टेलिफोन-इंटरनेटचा साधा ऑप्टिकल फायबर घ्यायचा, मधला थोडा भाग ज्योतीनं मऊ करायचा आणि दोन्ही टोकं सावकाश लांब न्यायची. 125 मायक्रोमीटर जाडीची काच 1 मायक्रोमीटरवर येते. अट एकच: हे चाललेलं असताना एका टोकातून आत सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला जवळजवळ सगळा पोचला पाहिजे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ज्यांच्या हातात हे काम येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वाचल्यावर लगेच ज्योत पेटवू नका. निम्मं काम ज्योतीच्या आधीच होतं.

प्रकाश नेमका कुठून जातो

नेहमीच्या एकमोडी फायबरमध्ये, म्हणजे ज्यात प्रकाश एकाच ठरावीक आकृतीनं (मोडनं) पुढे जातो त्यात, सुमारे 8 मायक्रोमीटरचा गाभा असतो. त्याभोवती 125 मायक्रोमीटरपर्यंत काचेचंच आवरण आणि त्यावर 250 मायक्रोमीटरपर्यंत प्लास्टिकचं कोटिंग. गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक असतो, पण तेवढ्या फरकावर प्रकाश गाभ्यात धरून ठेवला जातो. आता हाच फायबर 125 पट बारीक केला की गाभाही 125 पट बारीक होतो, म्हणजे जेमतेम 65 नॅनोमीटर. एवढ्याशा गाभ्याला प्रकाश धरता येत नाही. मग सगळी काच मिळून नवा गाभा बनते आणि भोवतालची हवा नवं आवरण होते.

त्यातही एक गंमत आहे, आणि तीच समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आपण वापरतो त्या प्रकाशाची तरंगलांबी 1550 नॅनोमीटर आणि तंतूची जाडी 1000 नॅनोमीटर. म्हणजे प्रकाशाची लाट तंतूपेक्षा मोठी. ती पूर्णपणे काचेत मावूच शकत नाही. तिचा काही भाग काचेबाहेर, पृष्ठभागाला चिकटून, हवेतून पुढे सरकतो. याला इव्हानेसंट फील्ड म्हणतात. पृष्ठभागापासून दूर जावं तसं ते झपाट्यानं विरतं. काही शे नॅनोमीटरवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. 1550 नॅनोमीटरला हवेतला काचतंतू सुमारे 1.14 मायक्रोमीटरखाली गेला की एकमोडी होतो. त्या जाडीला साधारण ऐंशी टक्के ऊर्जा काचेत असते आणि उरलेली बाहेर. आणखी बारीक केला की बाहेरचा वाटा वाढत जातो.

हा बाहेरचा वाटा मिळावा म्हणूनच एवढा खटाटोप करायचा. त्याच्यामुळे तंतूजवळचे अणू, रेणू, द्रव, सूक्ष्म काचगोल यांच्याशी प्रकाशाची गाठ घालून देता येते. 2010 मध्ये जर्मनीतल्या माइन्झमधल्या गटानं अर्ध्या मायक्रोमीटरच्या तंतूभोवती, पृष्ठभागापासून सुमारे 200 नॅनोमीटरवर, सीझियमचे अणू याच बाहेरच्या प्रकाशात अडकवून दाखवले. पण बाहेरचा प्रकाश जसा अणूला भेटतो तसाच धुळीच्या कणालाही भेटतो. साध्या फायबरवर धूळ बसली तर काही बिघडत नाही, कारण प्रकाश आत खोलवर असतो. इथे मात्र एक कण बसला की प्रकाश तिथून बाहेर उधळला जातो. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: फायबरची दोन टोकं ओढणाऱ्या मोटारींपेक्षा आणि ज्योतीपेक्षाही हे काम साफसफाईवर चालतं.

बारीक काचतंतू काही आजचे नाहीत. लंडनच्या चार्ल्स व्हर्नन बॉइजनं 1887 मध्ये वितळलेल्या क्वार्ट्झला बाण चिकटवून तो धनुष्यानं सोडला आणि बाणामागे ओढल्या गेलेल्या तंतूंवर नाजूक मोजमापाची उपकरणं बांधली. प्रकाश वाहून नेणारे, तरंगलांबीहून बारीक तंतू 2003 मध्ये लिमिन टाँग, एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांचे सर्वांत बारीक तंतू 50 नॅनोमीटरचे होते.

डीबीचा हिशेब पाठ करून ठेवा

वाटेत प्रकाश किती गळला (लॉस) ते डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत मोजतात. प्रकाश निम्मा झाला की 3 डीबी लॉस. 90 टक्के पोचला तर 0.46 डीबी आणि 99 टक्के पोचला तर 0.044 डीबी. टेलिकॉमच्या फायबरचा लॉस 1550 नॅनोमीटरला किलोमीटरमागे सुमारे 0.2 डीबी असतो, म्हणजे 15 किलोमीटरवर प्रकाश निम्मा होतो. 2003 च्या तंतूंचा लॉस मिलिमीटरमागे 0.1 डीबीच्या खाली होता. 0.1 धरला तर 3 सेंटिमीटरमध्ये निम्मा. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या गटानं 780 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी 99.95 टक्के पारगमनाचे, म्हणजे आत सोडलेला तेवढा प्रकाश पार पोचवणारे, तंतू केले. अकरा वर्षांत एवढा फरक कशानं पडला? ओढायचा आकार नीट आखल्यानं आणि ओढण्याआधीच्या साफसफाईनं. तुमच्या पहिल्या तंतूला 90 टक्के मिळाले तर खूश व्हा. 50 मिळाले तरी हरकत नाही, फक्त ते 50 का आले हे शोधल्याशिवाय दुसरा ओढू नका.

फायबर, लेझर आणि मीटर

साधा टेलिकॉमचा एकमोडी फायबर आणि 1550 नॅनोमीटरचा, फायबरला जोडलेला लेझर घ्या. इथे नवखे हमखास चुकतात. लाल प्रकाश डोळ्यांना दिसतो म्हणून फॉल्ट शोधायच्या लाल लेझर पेननंच मोजमाप करायला जातात. हा फायबर 1260 नॅनोमीटरच्या पुढेच एकमोडी असतो. लाल प्रकाश त्यात अनेक मोडांनी जातो, फायबर जरा हलला की ते मोड बदलतात आणि मीटरवरचा आकडा मनाला येईल तसा नाचतो. लाल पेन बघण्यासाठी, 1550 मोजण्यासाठी. 1550 चा प्रकाश दिसत नाही, म्हणून उघड्या टोकात कधीही डोकावू नका. लेझर बंद आहे असं वाटत असलं तरीही.

लेझरची शक्ती तासाभरात थोडी खालीवर होतेच. त्यासाठी लेझरनंतर 90:10 चा कपलर, म्हणजे प्रकाश त्या प्रमाणात दोन फायबरांत वाटणारा जोड लावा, दहा टक्क्यांची शाखा दुसऱ्या डिटेक्टरकडे न्या आणि दर वेळी मुख्य आकड्याला त्या आकड्यानं भागा. हा कपलरही दोन फायबर एकमेकांना चिकटवून, तापवून, ओढूनच केलेला असतो. घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या जाळ्यातले छोटे स्प्लिटरही पुष्कळदा याच रीतीनं बनतात. म्हणजे तुम्ही शिकताय ती कला आधीच गल्लोगल्ली पोचलेली आहे.

ओढायला लागण्यापूर्वी आठवडाभर नुसता सराव करा: कोटिंग काढणं, टोक क्लीव्हरनं सरळ कापणं, स्प्लाइस करणं (दोन टोकं वितळवून जोडणं), मीटर वाचणं. दहा वेळा जोडून दहाही वेळा लॉस 0.05 डीबीच्या आत आला की हात बसला म्हणायचं. काचेचे तुकडे वेगळ्या डबीत टाका आणि डबीला झाकण असू द्या. बोटात गेलेला तुकडा दिसत नाही, नुसता टोचत राहतो.

साफसफाई

फायबरच्या मधल्या साधारण 30 मिलिमीटरवरचं कोटिंग स्ट्रिपरनं काढा. झटका न देता, एका दमात. मग धागे न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेनं पुसा. मागेपुढे घासलं तर काढलेली घाण परत तिथेच बसते. त्यानंतर अ‍ॅसिटोननं पुसा, म्हणजे चिकटून राहिलेलं प्लास्टिक निघतं. अ‍ॅसिटोन वाळताना डाग सोडतं, म्हणून शेवटी पुन्हा ताज्या कापडानं अल्कोहोल. फायबर क्लॅम्पमध्ये बसवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कॅमेऱ्यानं ज्योत फिरणार तेवढा सगळा भाग तपासा. एक जरी ठिपका दिसला तरी पुन्हा पुसा, दोनदा पुसून गेला नाही तर तो तुकडा टाकून नवीन घ्या. फायबर स्वस्त आहे, तुमची दुपार नाही.

माझा पहिला तंतू 62 टक्क्यांवर थांबला. दोन आठवडे मी मोटारींचे वेग बदलत बसले होते. शेवटी कळलं की मी पावडर लावलेले हातमोजे वापरत होते. मोजे बदलले आणि त्याच संध्याकाळी, तेच वेग ठेवून, 91 टक्के आले. ती दोन आठवड्यांची वही मी अजून ठेवली आहे.

ज्योत पेटवण्याआधी अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलच्या बाटल्या टेबलावरून उचलून दुसरीकडे ठेवा. कापडंसुद्धा.

किती ओढायचं: कागदावरचा हिशेब

काच ओढली तरी तिचं आकारमान बदलत नाही. मऊ भागाची लांबी कायम ठेवली तर यातून एक सोपा नियम निघतो, आणि तो कॅल्क्युलेटरशिवायही लावता येतो. मऊ भाग 10 मिलिमीटरचा असेल तर एकूण सुमारे 14 मिलिमीटर ओढलं की जाडी निम्मी होते. पुढचे 14 ओढले की पुन्हा निम्मी. 125 चे 62, मग 31, 16, 8, 4, 2 आणि 1. सात वेळा निम्मं करायचं, म्हणजे एकूण 97 मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी प्रत्येकी साधारण 48. शेवटी 1 मिलिमीटर जास्त ओढला गेला तर जाडीत 5 टक्के फरक पडतो, हेही लक्षात असू द्या.

पूर्ण सूत्र हवं असेल तर: एकूण ओढ भागिले मऊ भागाच्या लांबीची दुप्पट. येणारी संख्या म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या जाडीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम.

मऊ भागाची खरी लांबी मात्र गृहीत धरायची नाही, मोजायची. ज्योत 10 मिलिमीटर पुढेमागे फिरते, पण ज्योतीला स्वतःची रुंदी असते, म्हणून मऊ भाग त्याहून मोठाच निघतो. पहिल्या दिवशी 1 मायक्रोमीटरच्या वाटेला जाऊ नका. फक्त 41.6 मिलिमीटर ओढा, म्हणजे तीनदा निम्मं. हिशेबानं 15.6 मायक्रोमीटर यायला हवेत, आणि एवढी जाडी साध्या सूक्ष्मदर्शकानं मोजता येते. समजा 20 आले. मग सूत्र उलटं लावलं की मऊ भाग 11.3 मिलिमीटरचा निघतो, आणि 1 मायक्रोमीटरसाठी 97 नाही तर 110 मिलिमीटर ओढावं लागेल. ही चाचणी टाळली असती तर तुम्ही 1.7 मायक्रोमीटरचा तंतू 1 मायक्रोमीटरचा समजून पुढे गेला असता. तीन फायबर या मापासाठी खर्ची घाला.

मऊ भाग फार आखूड ठेवायचा मोह होतो, कारण मग ओढ कमी लागते आणि यंत्र छोटं चालतं. पण मग निमुळता भाग तीव्र उताराचा होतो. गाभ्यातला प्रकाश आवरणात येतो ती जागा साधारण 50 मायक्रोमीटर जाडीच्या आसपास असते. घाटात गाडी वळणावर हळू घ्यावी तसा तिथे उतार सौम्य हवा. 10 मिलिमीटरच्या मऊ भागाला तिथे उतार सुमारे अडीच मिलिरेडियनचा येतो, म्हणजे दर मिलिमीटरला त्रिज्या अडीच मायक्रोमीटरनं घटते. उतार त्याहून फार तीव्र झाला की प्रकाश मूळ मोड सोडून वरच्या मोडांत शिरतो आणि परत येताना सगळा गाभ्यात बसत नाही.

ज्योत

हायड्रोजन आणि ऑक्सिजन 2:1 प्रमाणात. काच मऊ व्हायला दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं, आणि हायड्रोजन जळून फक्त पाणी होतं, काजळी धरत नाही. ब्यूटेनच्या टॉर्चवर काही मायक्रोमीटरपर्यंत हात बसवता येतो, पण काजळी आणि झुळूक दोन्ही आड येतात.

हायड्रोजनची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. खोलीत हवा खेळती हवी, गळती ओळखणारा सेन्सर हवा, दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे येऊ न देणारा झडप-अडसर हवा आणि शेजारी दुसरं माणूस हवं. यातलं एकही नसेल तर त्या दिवशी ओढू नका. घरी तर हा प्रयोग अजिबात नाही. काही प्रयोगशाळा ज्योतीऐवजी विजेवर तापणारा सिरॅमिक हीटर वापरतात. तुमच्याकडे तो असेल तर नवख्या हाताला तोच बरा.

गॅसचा प्रवाह किती ठेवायचा हे फायबरच सांगतो. ज्योतीखाली तंतू वर किंवा बाजूला कमान करत असेल तर प्रवाह जास्त आहे. ओढताना मधेच टचकन तुटत असेल तर काच पुरेशी मऊ होत नाही. दोन्ही क्लॅम्प एका उंचीवर आणि एका रेषेत आहेत का हे रोज बघा. तिरका धरलेला फायबर बारीक झाल्यावर वाकतो आणि वाकणावर प्रकाश निसटतो.

ओढताना आलेख वाचणे

प्रत्येक मोटारीला सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा वेग दिला तर आठ-नऊ मिनिटांत तंतू होतो. ही आठ मिनिटं तंतूकडे बघण्यापेक्षा पारगमनाच्या आलेखाकडे बघा. मीटरवरचा शेवटचा आकडा तेवढा लिहून घेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. काय बिघडलं आणि कधी बिघडलं हे आलेख सांगतो.

सुरुवातीला रेषा सपाट असते, कारण प्रकाश अजून गाभ्यातच आहे. इथेच रेषा खाली सरकायला लागली तर जोडणी किंवा क्लॅम्प बघा, तंतूचा दोष नाही. मग, पहिल्यांदा निम्मं झाल्यानंतर थोड्याच वेळात, रेषेत बारीक थरथर सुरू होते. प्रकाश आवरणात आला, थोडासा वरच्या मोडात शिरला आणि दोन्ही मोड एकमेकांशी कधी जुळतात, कधी विरोधात जातात. त्या जुळण्या-तुटण्याची ही थरथर. तंतू बारीक होत जातो तशी तिची लय जलद होते. हार्मोनियमचे दोन जवळचे सूर एकत्र धरल्यावर आवाज हेलकावे घेतो, तसंच हे.

थरथरीची उंची मोजा. वरच्या मोडात 1 टक्का प्रकाश गेला असेल तर आलेख 100 आणि 96 टक्क्यांच्या मधे हलतो. म्हणजे 4 टक्क्यांचा हेलकावा दिसला तर घाबरू नका, दोष एकाच टक्क्याचा आहे. हेलकावा 30-40 टक्क्यांचा असेल तर उतार तीव्र आहे किंवा फायबर वाकला आहे.

जसजसे वरचे मोड तंतूत मावेनासे होतात, तशी थरथर टप्प्याटप्प्यानं कमी होते आणि एका क्षणी अचानक थांबते. रेषा पुन्हा सपाट. हा क्षण पहिल्यांदा बघितला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. त्यानंतर प्रकाश एकाच मोडात शांतपणे चालला आहे. हिशेबातली ओढ पुरी होईपर्यंत चालू ठेवा. सपाट रेषा आता हळूहळू खाली उतरत असेल तर ती घाण आहे, दुसरं काही नाही.

थांबवणे आणि उचलणे

मोटारी थांबवताना ज्योतही त्याच क्षणी बाजूला घ्या. ज्योत मागे राहिली तर तंतू तिथेच वितळून तुटतो. थंड झाल्यावर तंतू किंचित सैल असतो; मोटारीला मायक्रोमीटरच्या हिशेबातली बारीकशी ओढ देऊन तो ताठ करा. मग यू आकाराची धातूची पट्टी खालून वर आणा आणि दोन्ही बाजूंच्या जाड भागांना, निमुळत्या भागापासून दूर, अतिनील प्रकाशानं कडक होणारा गोंद लावा. बारीक भागाला काहीही शिवू द्यायचं नाही. काच आपल्या मानानं फार मजबूत असते, पण अर्ध्या मायक्रोमीटरच्या तंतूची ताकद ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या वजनाइतकीच. जवळ शिंकू नका हे मी मनापासून सांगते.

आता लाल पेन लावा आणि दिवे मालवा. मधला भाग एकसारखा मंद लाल दिसला तर काम चांगलं झालं. एखादा टपोरा ठिपका चमकत असेल तर तिथे धूळ आहे. चमक मध्यावर नसून निमुळत्या भागात असेल तर उतार किंवा वाक तपासा. मधली नेमकी जाडी साध्या सूक्ष्मदर्शकानं मिळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती मिळते, पण तो तंतू पुन्हा प्रकाशासाठी वापरता येईल अशी आशा ठेवू नका. म्हणून एकाच मापानं तीन तंतू ओढा आणि त्यातला एक मोजमापासाठी द्या.

उघड्या खोलीत ठेवलेल्या तंतूचं पारगमन काही तासांत घसरताना दिसतं, म्हणून गोंद वाळताक्षणी पट्टी झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबीतून कोरडा नायट्रोजन सोडत राहा. डबीवर तारीख, एकूण ओढ, मोजलेला मऊ भाग आणि शेवटचं पारगमन लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, डबी न उघडता, तोच लेझर आणि तोच मीटर लावून पुन्हा मोजा आणि तो आकडा कालच्या शेजारी लिहा.